सर हसले होते

माझ्या डाव्या डोळ्याखाली पहिला पांढरा ठिपका उमटला, तो आईच्या आधी काकूला दिसला. मी हौदावर तोंड धूत होते. काकूनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, पदरानं ठिपका पुसून पाहिला, पुन्हा पुसला, आणि मेथीच्या जुड्या बांधायला बसली. आमचं गाव मेहकरहून येताना डोणगावच्या अलीकडचं. गावाबाहेर ओढ्याकाठी मळा, आणि मळ्यातच घर. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते सुरू झालं की घरात मोठ्यानं बोलावं लागायचं, म्हणून आमच्या घरातली सगळी माणसं आयुष्यभर जरा ओरडूनच बोलली. वांगी, मिरची, सांभार, मेथी, पालक, कांद्याची पात. संध्याकाळी भाजी काढायची, कडब्याच्या काडीनं जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायच्या आणि पहाटे बाजाराला न्यायच्या. माझ्या हातांना बाराही महिने सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास असे. आजही कुणाच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर चिरली जात असली की मला आधी ते घर दिसतं आणि लगेच त्यामागून ती शाळा दिसते. त्या वासाचं नुसतं सुख मला कधी मिळालंच नाही.

ठिपक्याचे वर्षभरात दोन ठिपके झाले, मग ते एकमेकांना मिळाले आणि डोळ्याभोवती एक पांढरं कडं तयार झालं. ओठांच्या कोपऱ्यालाही तसंच. 'कोड' हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. आई 'ते' म्हणायची. 'ते वाढलं का?' मेहकरच्या एका वैद्यानं बावचीचं तेल दिलं होतं. ते लावून उन्हात बसायचं. थोड्या वेळानं कातडी जळजळायची, मग फोड यायचे. आई म्हणायची, "सोस थोडं. जाईन ते." वैद्यानं आंबटही बंद केलं होतं. आमच्या घरी कढी व्हायची, अंबाडीची भाजी व्हायची, ताकातला झुणका व्हायचा, आणि मला भाकरीबरोबर मुगाचं पिवळं वरण. माझं ताट वेगळं वाढलं जायचं. आईची माया खोटी नव्हती. पण तिच्या मायेत भीतीच जास्त होती. बाबांना तर माझ्या तोंडाकडे पाहणंच जमत नसे. ते माझ्याशी बोलताना इंजिनाकडे पाहून बोलायचे.

काकू मात्र सरळ पाहायची. ती दुसरबीडकडची. माझे काका ट्रकवर असत, महिन्यातून चार दिवस घरी येत. त्यामुळे काकूचा संसार म्हणजे आम्हीच. बाबा तिचे भासरे, थोरले दीर, म्हणून ती त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर ढळू द्यायची नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचीही नाही. काही सांगायचं असलं तर मला मध्ये धरायची. "सांग तुह्या बाबाले, फवारणीचा पंप गळून राह्यला." बाबा दोन हातांवर उभे असत. ते ऐकत, आणि मलाच उत्तर देत. "सांग काकूले, उद्या पाहतो." मी मध्ये उभी राहून काहीच सांगायची नाही, तरी बोलणं पूर्ण व्हायचं.

सहावीत गेले आणि संध्या माझ्या वर्गात आली. आमच्या मळ्यापासून पक्क्या रस्त्यापर्यंत जी बैलगाडीची वाट होती ती तिच्या वडिलांच्या शेतातून जायची. गावात त्यांचा शब्द चालायचा, शाळेच्या कमिटीतही ते होते. संध्या दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड. तिनंच डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या कड्यावरून मला 'कवडी' नाव दिलं. आधी ते नाव मुलींमध्ये होतं, मग मुलांनी उचललं, मग त्याचा खेळ झाला. माझा हात कुणाला लागला की तो ओरडायचा, "कवडी लागली बे!" आणि तो हात दुसऱ्याच्या सदऱ्याला पुसायचा, दुसरा तिसऱ्याच्या. सुटी होईपर्यंत ती कवडी अख्ख्या वर्गात फिरत असे, आणि ज्याच्याकडे शेवटी राही तो रडवेला होऊन भिंतीला हात घाशी. मी पाण्याच्या माठाला शिवले की दुपारपर्यंत कुणी पाणी पीत नसे. मग मीच पाणी प्यायचं सोडलं. दिवसभर तहान मारून शाळा कशी करायची, हे मी त्या शाळेत शिकले.

आणि आमचे सर. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. दया म्हणून नव्हे. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. उंच, गोरे, स्वच्छ बोलणारे. मराठी शिकवायचे. कविता म्हणायला लागले की खिडकीबाहेरून जाणारी माणसं थांबायची. मला ते देवासारखे वाटत. माझा निबंध त्यांनी एकदा वर्गात वाचून दाखवला होता, आणि त्या दिवशी मी घरी पळत गेले होते. हे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाईट मास्तर हसला असता तर मी विसरून गेले असते. संध्याच्याच घरी दोन खोल्या घेऊन ते राहत. संध्याची आई त्यांना डबा द्यायची. त्याचा नि पुढच्या गोष्टीचा संबंध होता की नव्हता, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. होता असं मी मानते.

दिवाळीची सुटी संपली. त्यानंतर वैद्याकडे गेल्यामुळे मी दोन दिवस उशिराच शाळेत गेले. मंगळवार होता. वर्गात शिरले तर सगळे आधीच टाटपट्टीवर ओळीनं बसलेले, एकदम शांत, पुस्तकात माना घालून. मी माझ्या जागेकडे निघाले तेव्हा संध्यानं मान वर केली. तिच्या डाव्या डोळ्याभोवती खडूचं कडं होतं. ओठांच्या कोपऱ्याला खडू. मग तिच्या शेजारचीनं मान वर केली, मग मागच्या मुलांनी, मग सगळ्यांनी. अख्खा वर्ग माझं तोंड लावून माझ्याकडे बघत होता. कुणी हसत नव्हतं. ते ठरलेलं असावं, की हसायचं नाही.

मी तशीच उभी होते. तेवढ्यात मागून सर आले. मला वाटलं, सुटले. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर्गाकडे. आणि त्यांच्या नाकातून आधी एक फुसकन आवाज आला. त्यांनी हजेरीचं पुस्तक तोंडासमोर धरलं, पण खांदे हलत होते. ते पाहून वर्ग फुटला. इतका मोठा हशा त्या शाळेत गॅदरिंगलाही झाला नसेल. पुस्तक खाली आलं तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसून आलेलं.

"पुरे आता. पुसा तोंडं," ते म्हणाले. "शालिनी, बस खाली. गंमत केली पोरांनी. मनावर घ्यायचं नसतं."

मग त्यांनी धडा काढला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून हेडमास्तरांकडे गेले. ते भले म्हातारे गृहस्थ होते, तोंडात सदा लवंग. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळ, तू रडतेस म्हणून ती चिडवतात. तू हसलीस की ती थांबतील." सर हसले हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि ते ऐकलंच नसल्यासारखं केलं. मग त्यांनी संध्याला बोलावलं, आमचे हात एकमेकींच्या हातात दिले आणि सांगितलं, "दोघींनी एकमेकींना सॉरी म्हणा. भांडण मिटलं." संध्या लगेच म्हणाली, गोड आवाजात. मग ते माझ्याकडे बघत राहिले. आणि मी म्हटलं. मी, संध्याला, सॉरी. बाहेर आल्यावर तिनं माझा हात ज्या हातात होता तो हात परकराला पुसला.

मी पुढे स्वतः शिक्षिका झाले, शेवटी मुख्याध्यापिकाही. त्या खुर्चीत बसल्यावर मला हेडमास्तरांची अडचण कळू लागली. गाव छोटं, कमिटी डोक्यावर, चांगला शिक्षक हातचा जाऊ नये. सगळं कळलं. पण म्हणून मी त्यांना माफ केलं नाही. ज्यानं मारलं आणि ज्याला लागलं, त्या दोघांना समोरासमोर उभं करून सारखंच वागवणं याच्याइतका सोपा न्याय नाही, आणि याच्याइतका नासका न्यायही नाही. दोघींचे हात हातात देताना त्या म्हाताऱ्याला वाटलं असेल, आपण काहीतरी जोडलं. त्यांनी फक्त स्वतःची दुपार मोकळी करून घेतली.

घरी मी आईला सांगितलं. आई जात्याजवळ डाळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "तू तिकडं ध्यानच नको देऊ," ती म्हणाली, "तोंडावरून ओढणी घेत जाय." रात्री जेवताना तिनं बाबांच्या कानावर घातलं असावं, कारण सकाळी बाबा इंजिनाला हँडल मारता मारता म्हणाले, "बस झाली शाळा. सहावी लय झाली पोरीच्या जातीले. घरी राह्य. मळ्यात काम काय कमी आहे?" ते माझ्या भल्यासाठीच म्हणत होते. माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून ते मला लपवायला निघाले होते. म्हणजे खडू लावणारी पोरं शाळेत राहणार, हसणारे सर शाळेत राहणार, आणि तिथून जाणार कोण, तर मी. शनिवारपर्यंत जा म्हणाले, मग नाव काढू.

त्या दिवशी माझं रडणं थांबलं. त्याच्या जागी जे आलं ते अजून आहे. मळ्याच्या बांधावर बिब्ब्याचं झाड होतं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात, आणि बरं झालं तरी काळा डाग राहतो, हे आमच्याकडच्या लहान पोराला माहीत असतं. मी चार बिब्बे वेचले, दगडानं फोडले आणि काडीनं तेल एका बाटलीच्या झाकणात काढलं. संध्याचा एक गुलाबी रुमाल होता, ती तो सारखा तोंडावर फिरवायची. मी फार विचार करून ठरवलं होतं. मला पांढरे डाग, तिला काळे. मी तिला चिडवणारही नव्हते. फक्त रोज सकाळी वर्गात शिरताना तिच्याकडे बघणार होते.

पण बिब्बा आधी मलाच उतला. संध्याकाळी माझं बोट टरारून सुजलं. जुड्या बांधताना मला काडी पिळता येईना. काकूनं बोट पाहिलं, हुंगलं, आणि जुड्या बाजूला सारल्या.

"बिब्बा कायले पाह्यजे होता तुले?"

मी बोट मुठीत लपवलं.

"शाले. कोनासाठी फोडला?"

मग मी सगळं सांगितलं. कवडीपासून. माठापासून. काकूनं मध्ये एकदाही 'जाऊ दे' म्हटलं नाही, 'तू काय केलं होतं' विचारलं नाही, डोळ्याला पदरही लावला नाही. इंजिन चालू होतं, म्हणून मला ओरडून सांगावं लागत होतं, आणि ओरडून सांगितल्यामुळे माझ्या स्वतःच्याच कानांवर ते पहिल्यांदा नीट पडलं. मी थांबले तेव्हा काकूनं एकच विचारलं.

"मंग पयले हसला कोन?"

"सर."

"पोट्टे?"

"पोट्टे सर हसल्यावर."

काकूनं ओलं पोतं जुड्यांवर ओढलं. मग म्हणाली, "पोट्टे तं पोट्टेच हायत. त्यायले जेवढं हसू देलं तेवढं हसतीन. मास्तर काऊन हसला?" तिनं माझ्याकडून ते झाकण मागून घेतलं आणि तेल चुलीत ओतलं. ते भडकन पेटलं. माझ्या बोटाला तिनं खोबरं चावून लावलं. "हे त्या पोरीले लागलं असतं तं सारं गाव म्हनलं असतं, कोडाची पोट्टी, तिची नजरच वाईट. अन् मास्तर पुन्हा हसायले मोकळा. बदला घ्यायचा तं ज्याचा त्याच्यापासून घ्यावा."

ते तेल काकूनं चुलीत ओतलं याचं मला नंतर कितीतरी वर्षं वाईट वाटत होतं. खरं सांगायचं तर, थोडं अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, काकूनं भिंती सारवायची पांढरी माती वाटीत कालवली आणि आरसा घेऊन माझ्यासमोर बसली. "दाखव," म्हणाली, "कुठून कुठवर हाये." तिनं बोटानं स्वतःच्या डाव्या डोळ्याभोवती मातीचं कडं काढायला घेतलं. "इकून बरोबर हाये का? पाह्य ना नीट." मला पुन्हा पुन्हा आरशात पाहावं लागलं, माझं तोंड आणि तिचं तोंड. मी आरसा पाहणं कधीच सोडलं होतं. ओठाजवळचा डाग तिनं लहान काढला तेव्हा मीच म्हटलं, "अजून थोडा मोठा आहे, काकू." आई दारात उभी होती. "सुंदरा, हे काय करून राह्यली वं?" तिनं विचारलं. काकू म्हणाली, "शाळेत जातो, बाई. शिकायचं राहून गेलं होतं माहं." बाबा पहाटेच बाजाराला गेले होते. ते घरी असते तर ती गेली नसती असं लोक म्हणत. लोकांना काकू माहीत नव्हती.

ती गावातून तशीच चालत गेली. नेसूचं धुवट लुगडं, डोक्यावर पदर, एका हातात भाकरीचं फडकं आणि दुसऱ्या हातात मी. हापशीवरच्या बायकांचे हात दांड्यावरच थांबले. पारावर बसलेले दोघे उठून उभे राहिले. काकूनं कुणाला काही सांगितलं नाही. वर्गात जाऊन ती माझ्या शेजारी टाटपट्टीवर मांडी घालून बसली. तिला पाहून एकही पोर हसलं नाही. संध्यानं गुलाबी रुमाल मुठीत दाबून धरला होता.

सर आले. हजेरीचं पुस्तक उघडलं, आणि त्यांची नजर आमच्यावर पडली.

"बाई, तुम्ही कोण? वर्ग सुरू आहे. बाहेर जा."

"मी शालीची काकू. जातो मी. पन आधी हसा."

"काय?"

"हसा ना सर. मंगळवारी हसले होते तसे. डाग तेच हायत, मी मोजून काढले. तोंडच तं दुसरं हाये."

सरांनी हजेरीचं पुस्तक मिटलं. ते म्हणाले, हे बरोबर नाही, शाळेची शिस्त असते. काकू म्हणाली, हाव. ते म्हणाले, मी हेडमास्तरांना बोलावतो. काकू म्हणाली, बलवा. आणि तिनं फडकं सोडून भाकरी मांडीवर ठेवली, दुपारपर्यंत बसायची तयारी असल्यासारखी. हेडमास्तर आले, त्यांच्यामागे दुसऱ्या वर्गांतले शिक्षक आले, खिडक्यांत पोरं जमली. जी बाई घरात स्वतःच्या भासऱ्याशी शब्द बोलत नसे, ती त्या सगळ्या पुरुषांकडे मान वर करून बघत होती. हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, "बाई, आमची चूक झाली असेल. आम्ही बघतो. तुम्ही घरी जा."

"मले कायले सांगता? हिले इचारा, हिले काय पाह्यजे."

हेडमास्तर माझ्याकडे वळले. या सगळ्या दिवसांत आई, बाबा, सर, हेडमास्तर, कुणीच मला तो प्रश्न विचारला नव्हता. मी उठून उभी राहिले. उत्तर तयार होतं. ते कधी तयार झालं मला माहीत नाही.

"सरांनी माझी माफी मागायची. इथंच. मी हसलो ते चुकलं, असं म्हणायचं."

हेडमास्तर म्हणाले, "शिक्षकानं विद्यार्थिनीची माफी मागायची? असं कुठं असतं का, बाळ?"

काकू म्हणाली, "परवा या पोट्टीनं संध्याची माफी मागली. तिनं काय केलं होतं? ते तुमच्या शाळेत असते, मंग हे बी असू द्या."

हेडमास्तरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे पाहिलं. मग ते पुटपुटले, "शालिनी, मी हसलो, ते चुकलं."

मी म्हटलं, "ऐकू नाही आलं."

ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. मी ती बघत होते.

"ऐकू नाही आलं, सर."

तिसऱ्यांदा ते जवळजवळ ओरडले. त्या कवितेच्या आवाजाला मध्येच तडा गेला. "मी हसलो ते चुकलं! माफ कर!" ते बाहेर व्हरांड्यात, मैदानात, हापशीपर्यंत ऐकू गेलं असेल. मी खाली बसले. मला बरं वाटलं. काकूनं भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं, उठताना संध्यापुढे क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "घरी जाऊन तुह्या मायले सांगजो, मी आली होती." बस एवढंच. हातही लावला नाही.

त्या दिवशी मी तिच्याबरोबरच घरी निघाले. वाटेत तिनं ओढ्यात तोंड धुतलं. पदरानं पुसत विचारलं, "पयल्या खेपेलेच ऐकू आलं होतं ना तुले?"

"हो."

काकू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्यानंतर मला कुणी कवडी म्हटलं नाही. संध्याचं मन बदललं असं मला वाटत नाही; ती माझ्याकडे पूर्वीसारखीच बघायची. पण आता हसलं तर पुढे कुणी हसणार नव्हतं, आणि हसण्याला जोडीदार लागतो. हे मी पुढे नोकरीत कामाला लावलं. लोणार तालुक्यातल्या एका शाळेत तिरळ्या डोळ्याच्या एका मुलाची नक्कल चालायची. एक तरुण शिक्षक माझ्याकडे नक्कल करणाऱ्याला घेऊन आले. मी त्याला बाजूला बसवलं आणि शिक्षकांना विचारलं, "तेव्हा तुमचा चेहरा कसा होता?" ते चिडले. मी पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, नक्कल हुबेहूब होती हो." तेव्हा मी त्यांना त्या तिरळ्या डोळ्याच्या मुलाकडे माफी मागायला पाठवलं, एकट्यांनाच. मग त्याच्या आईला बोलावून सांगितलं, की तुमच्या मुलाला काय हवं ते आधी त्याला विचारा, तुमचं रडणं नंतर. शिक्षकांनी वर्षभर माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

काकूच्या शाळेत जाण्याची किंमत घरानं दिली. रविवारी सकाळी बाबा बैलगाडी घेऊन निघाले तर संध्याच्या वडिलांच्या बांधावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. पिढ्यांची वाट होती, पण कागदावर नव्हती. तो पूर्ण हंगाम भाजी डोक्यावरून, ओढ्यातून, लांबच्या वळणानं रस्त्यापर्यंत न्यावी लागली. वाट पुढे तहसीलच्या माणसांनी येऊन मोकळी केली, तोवर काकूच्या टाळूवरचे केस विरळ झाले. काट्या पाहून बाबा परत आले त्या सकाळी ते पडवीत उभे राहिले, इंजिन बंद होतं, आणि ते माझ्याकडे पाहून काकूला म्हणाले, "सांग तिले, वाट गेली."

काकूनं पदर सारखा केला. "सांग तुह्या बाबाले, पोट्टी राह्यली."

मी मध्ये उभी होते. बाबा बैल सोडायला वळले. आईनं कोपऱ्यातली पाटी उचलली, वांगी भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि काकूच्या पुढे चालू लागली. शनिवार येऊन गेला होता. माझं नाव काढायला कुणी शाळेत गेलं नव्हतं.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबा, आई, कुणी राहिलं नाही. माझे डाग हातांवर, मानेवर पसरले आणि मग आपोआप थांबले. सर मात्र दीर्घायुषी झाले. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. आमच्या वर्गाचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यावर हात जोडलेली चित्रं आणि 'आदर्श शिक्षक हरपला' असे संदेश दिवसभर पडत राहिले. शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली. मी शिक्षण क्षेत्रातली, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कळवलं, येते, बोलणार नाही.

गेले. सरांच्या फोटोला हार होता. शेजारच्या खुर्चीवर संध्या येऊन बसली, केस रंगवलेले, हातात मोठी पर्स. आम्ही एकमेकींना ओळख दिली. सगळे बोलले. सरांनी कुणाची फी भरली होती, कुणाला घरी ठेवून दहावी पास करवली होती, कुणाला कवितेची गोडी लावली होती. त्यात खोटं काही नव्हतं. मला त्यातलं निम्मं माहीत होतं, आणि मी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग अध्यक्ष म्हणाले, दिवंगत आत्म्याला श्रद्धांजली वाहण्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं.

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले, माना खाली घातल्या. मी बसले होते. संध्यानं वाकून माझ्या कोपराला हात लावला आणि हळू विचारलं, "काय झालं शालू? उठता येत नाही का?"

"येतं," मी म्हटलं, आणि बसून राहिले.